पाठमोरे भाऊसाहेब

१

या गोष्टीत मूर्ख कोण, असं कुणी विचारलं तर सत्यशीलाबाई स्वतःच हात वर करतात. चाळिशी उलटलेली, जालन्याच्या शाळेत विज्ञान शिकवणारी, 'पडताळल्याशिवाय मानू नका' असं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिणारी बाई. आणि एका सिनेमापायी अशी येडी झाली, की नवऱ्याशी खोटं बोलून एष्टीत जाऊन बसली.

सिनेमा तसा काही फार मोठा नव्हता. टॉकीजवाल्यानं दुसरं काही मिळालं नाही म्हणून लावला होता म्हणे. पण त्यात एक दहाव्याचा प्रसंग होता. गावचे भाऊसाहेब वारलेले. नदीकाठी पिंड मांडलेला, सगळं गाव गोळा झालेलं, आणि कावळा काही शिवत नाही. बायको पुढं येते, पोरं येतात, भाऊबंद येतात. एकेक जण मेलेल्या माणसाला वचन देतो, वावर मोडणार नाही, धाकटीचं लग्न लावून देऊ. कावळा बाभळीवर बसून बघतोय. शेवटी गर्दीतली कोण कुठली बाई, नात्याची ना गोत्याची, पदर सावरत पुढं होते आणि म्हणते, "भाऊसाहेब, तुमचं ताट मी वाढीन. जिती हाय तवर रोज वाढीन." आणि कावळा झपकन खाली येतो.

इथं सत्यशीलाबाई दर वेळी रडायच्या. त्यांच्या घरात छप्पन सालानंतर ना पिंड राहिला ना दहावा. "आमच्याकडं कावळा येतो तो फक्त वाळवणावर," असं त्याच सांगायच्या. तरी रडायच्या, आणि पुढचे चार दिवस घरात तेच वाक्य चालायचं. "साहेबराव, तुमचं ताट मी वाढीन, जिती हाय तवर—"

"आधी मीठ वाढ," साहेबराव म्हणायचे.

भाऊसाहेब स्वतः अख्ख्या सिनेमात एकदाच दिसायचे, तेही पाठमोरे. धोतर, काळा कोट, फेटा. नदीकडेनं चालत चालत लांब जायचे. तोंड शेवटपर्यंत दाखवलेलंच नव्हतं.

त्याचं शूटिंग हसनाबादच्या पुढं, धोंडखेड्यात झालंय, हे शाळेतल्याच कुणीतरी सांगितलं. दिवाळीची सुट्टी लागली. बाईंनी घरात जाहीर केलं, "भोकरदनची जुनी लेणी बघायला चाललेय. आपल्या लोकांनी इथून पार सांचीच्या स्तूपाला दान धाडलं होतं. माणसाला स्वतःच्या मुलखाचा इतिहास माहीत पाहिजे."

साहेबरावांनी पेपरातून डोकं काढलं नाही. "कोणता सिनेमा लागलाय लेण्यात?"

२

हसनाबादला उतरून त्या नदीकडेनं पायी निघाल्या. उन्हाला अजून धार होती. दोन्ही बाजूंनी कपाशी फुटलेली, वेचणाऱ्या बाया ओळीनं वाकलेल्या. गिरजा नदीचं पाणी बारीक झालेलं, पण होतं. बाई खुशीत होत्या. हे वळण सिनेमात आलेलं, ही बाभूळ तीच, अशी ओळख काढत चालल्या होत्या, आपण कुणीतरी फार मोठ्या जाणकार असल्यासारख्या.

ते साल आणीबाणीचं. शाळेतली माणसं नसबंदीच्या केसेस शोधत फिरायची, त्यामुळं खेड्यात मास्तर नाही तर मास्तरीण दिसली की बाप्ये तुरीत पळायचे. बाईंना त्याची सवय झाली होती. आपल्याला बघून पळणारे पुरुष, हा या वयात मानच म्हणायचा, असं त्या मैत्रिणींना सांगायच्या.

धोंडखेड्यात कुणी पळालं नाही.

पारावर चार-पाच जण बसले होते. त्यांनी बाईंकडं बघितलं आणि मग एकमेकांकडं बघितलं. त्यातला एक, साठीकडं झुकलेला, उठून समोर आला.

"शूटिंगची जागा बघाया आल्या?"

"हो. तुम्हाला कसं कळलं?"

"दुसरं काय हाय हितं बघाया. मी कडूबा. या, आमच्या घरी या. पाणी प्या आधी."

बाई त्याच्या मागं चालू लागल्या, आणि दहा पावलांवर त्यांना काहीतरी टोचलं. काय ते लगेच कळेना. पायात काटा गेलाय म्हणून चप्पलही झटकून बघितली.

घरी पोचल्यावर कळलं. कडूबानं त्यांना ओसरीवर नाही बसवलं, थेट आत, चुलीपाशी नेलं. घरातल्याच तांब्यात पाणी दिलं, घरातल्याच पेल्यात. आणि आडनाव विचारलं नाही.

आता ज्यांना हे कधी विचारलं गेलं नाही त्यांना यातली गंमत कळायची नाही. सत्यशीलाबाईंना जन्मभर एकच क्रम ठाऊक होता. गाव कोणतं, आडनाव काय, मग पाणी. कधी आडनावानंतर पाणी वरून ओंजळीत यायचं. कधी यायचंच नाही. आणि इथं भोकरदन तालुक्यातल्या आडगावात आधी पाणी, तेही माजघराच्या तोंडाशी.

'गाव सुधारलं की,' बाईंनी मनाशी म्हटलं. दुसरं मन म्हणालं, इतकं? एका सिनेमानं?

त्यांनी मुद्दाम स्वतःच सुरुवात केली. "आमचं आडनाव—"

"ऱ्हाऊ द्या ओ," कडूबा म्हणाला. "त्याचं काय एवढं."

३

कडूबाची बायको परसातून आत आली आणि बाई पेला हातात धरूनच उभ्या राहिल्या. तीच. पडद्यावरची. पदर सावरायची पद्धतही तीच.

"तुम्हीच ना? 'तुमचं ताट मी वाढीन'?"

"मीच," चांगुणाबाई म्हणाली. बोलण्यात कौतुक नव्हतं. चोरी कबूल करावी तशी म्हणाली. केस अर्धे पांढरे झाले होते, आणि सिनेमाला तर दोनच वर्षं झाली होती.

बाई मात्र सुटल्या. किती छान काम केलंत, मुंबईच्या बाया फिक्या पडल्या, तुमच्या त्या एका वाक्यावर मी इतकी रडले, इतकी रडले. चांगुणाबाई भाकरी थापत ऐकत होती. मधेच वर बघायची, बाईंच्या तोंडाकडं, बाजारात बैल बघतात तशी.

दाराशेजारच्या खुंटीला एक बोचकं बांधून लटकवलेलं होतं. त्याच्या गाठीत बारीक टोपडं अडकलेलं दिसत होतं.

"कुठं गावाला निघालात का?"

"परतूरला जायचंय. लेकीकडं. मालन आमची. दिवस भरत आले तिचे, पहिलटकरीण हाय, सासू न्हाई घरात. निरोपावर निरोप येऊन राह्यलेत."

"मग जा की. थांबलात कशाला?"

"निघायचंच हाय," चांगुणाबाईनं भाकरी उलटली. "कुणी भेटलं की निघते."

कुणी म्हणजे कोण, हे बाईंनी विचारायला पाहिजे होतं. पण त्यांच्या डोक्यात वेगळंच. "चांगुणाबाई, एकदा म्हणून दाखवा ना ते वाक्य. तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

चांगुणाबाईचा हात काटवटीत थांबला. नवऱ्याकडं बघितलं. मग हळू आवाजात, लाडानं म्हणाली, "तुम्हीच म्हणा की, बाई. तुम्हाला तर सगळं पाठ हाय."

तेवढ्यात कडूबा मधेच म्हणाला, "आधी जेवून घेऊ, मंग नदीवर जाऊन येऊ. उजेड हाय तवर."

जेवताना बाईंचं लक्ष गेलं. माजघराच्या आतल्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं, आणि उंबऱ्याच्या आत, सारवलेल्या जमिनीवर एक पाट मांडून ठेवला होता. दुपारच्या जेवणाला तो कुणी घेतला नाही. तिघंही खालीच बसले.

४

नदीवर कडूबानं सगळं दाखवलं. पडक्या महादेवाच्या देवळात नट्या कपडे बदलायच्या. बारवेत कॅमेरेवाल्याचा चष्मा पडला तो अजून पडलेलाच आहे. बाईंना खरं तर बारवच जास्त आवडली, एका अंगाला पायऱ्या, कोनाड्यात झिजलेल्या मूर्ती. पण बघताना मागं कडूबा उभा होता आणि तो बारवेकडं बघत नव्हता.

"पिंड हितं व्हता," त्यानं काठीनं जागा दाखवली. "लई तरास दिला बगा कावळ्यानं. पिठाचा पिंड ठेवला, मासळी ठेवली, काय काय केलं. सकाळधरून येकच चाललंय. नट मंडळी त्यांचं त्यांचं बोलून थकली. ऊन उतराया लागलं, तवा डायरेक्टर आमच्यावर वरडला, कुणीतरी काहीतरी मनानं बोला रे. चांगुणाला म्हशीची धार काढायची घाई. मोकळं व्हावं म्हणून बोलली बगा ती. आन त्यो आला."

"म्हणजे ते वाक्य लिहिलेलं नव्हतं?"

"न्हाई. तिचंच."

बाईंना आणखीच उमाळा आला. जागा ती, बाभूळ ती. त्यांनी पदर सावरला आणि म्हणायला घेतलं, "भाऊसाहेब, तुमचं ताट—"

"हितं नगं." कडूबानं हात वर केला. आवाज चढवला नाही. "घरी म्हणा. सांजच्याला. ताट वाढलं की त्याच्यापुढं म्हणा."

वर्गात एखादा नेहमीचा वांड पोरगा एकाएकी नम्र झाला की बाईंना कळायचं, याच्या दप्तरात बेडूक आहे. तसं त्यांना आता झालं. आडनाव नाही, पळापळ नाही, तांब्या घरचा, आणि हे.

"कडूबा, सरळ सांगा. माझ्याकडून काय पाहिजे तुम्हाला?"

तो काठीवर हनुवटी टेकून खाली बसला.

"खरा मेलेला माणूस असता तर त्याला त्याचं घर असतं, बाई. ह्यांला घरच न्हाई. कंपनी गेली निघून. मंग हे आमच्यात आले."

"कोण?"

"भाऊसाहेब. रोज दिवेलागणीला. चांगुणानं वाढायचं, त्यांनी जेवायचं. काही तरास न्हाई तसा. मी वाढून बघितलं, मला शिवत न्हाईत. येकदा हसनाबादच्या बाजारात तिला उशीर झाला. तर तिथं आल्ते."

"कशाला?"

"तिला घ्यायला."

बाई हसल्या, पण हसू एकटंच बाहेर पडलं. कडूबा पुढं बोलत राहिला, पिकापाण्याचं सांगावं तसा. "परतूरला गेली तर तिकडं येतील. बाळंतिणीच्या खोलीत कसं न्यावं त्यांला, तुम्हीच सांगा. दुसऱ्या कुणी जबान दिली तर ती सुटंल. गावातलं कुणी देत न्हाई. ज्यानं त्यानं ऐकलंय."

आता याचा अर्थ दोनच तऱ्हेनं लागत होता. नवरा-बायकोचं डोकं फिरलंय, हे एक. किंवा सिनेमाचे शौकीन येतात, त्यांना घाबरवायचा हा धंदा असेल, हे दुसरं. बाईंनी तिसरं शोधून बघितलं, सापडलं नाही.

"त्या पाठमोऱ्या शॉटमधे कोण चाललं होतं?" त्यांनी विचारलं. "तुमच्या गावातलाच कुणी असणार. तोच येत असेल जेवायला, फुकटचं."

कडूबा उठला, धोतर झटकलं. "आम्ही बी तेच इचारून राह्यलो दोन साल. कोट-फेटा हितं कुणाच्याच अंगावर चढवला न्हाई कंपनीनं."

५

परतायची गाडी सांजची होती आणि सामान घरी राहिलेलं. म्हणून बाई परत त्या घरात आल्या. नाहीतर आल्या नसत्या, असं त्या अजून सांगतात.

चांगुणाबाईनं दिवा लावला. आतल्या खोलीत पाटापुढं ताट ठेवलं. भाकरी, तुरीच्या दाण्यांची आमटी, कांदा, पाण्याचा तांब्या. दार लोटून बाहेर आली आणि चुलीपाशी बसली. तिघंही इथं होते, हे बाईंनी बघून घेतलं. पडताळून.

आधी काही झालं नाही. बाहेर कुणीतरी गुरं हाकत गेलं.

मग पाट दबला. कुणी जड माणूस टेकला की लाकूड बोलतं, तसा. थोड्या वेळानं भाकरी मोडली, कटकन. कांदा फोडला. चावताना जबड्याचा बारीक आवाज येतो तो यायला लागला, आणि त्यात काही विशेष नव्हतं. वयस्कर माणूस सावकाश जेवतो तसंच ते होतं. त्या साधेपणानंच बाईंना बसवेना.

"बघू का?" त्यांनी विचारलं.

"बगा की," चांगुणाबाई म्हणाली. "बगायला कुणाची ना न्हाई."

दार बोटभर ढकललं. काळा कोट, पाठीवर. फेट्याचा शेमला खाली सोडलेला. समोरच्या भिंतीत झरोका होता, तिकडं तोंड करून कुणीतरी बसलं होतं, आणि ताट पाठीआड झालेलं. कोपर वरखाली होत होतं.

'माणूस आहे,' बाईंनी ठरवलं. चांगला हाडामासाचा, फुकटखाऊ माणूस. दारानं नाही, तर परसातनं आत आला असेल. त्या तडक परसात गेल्या. घराला वळसा घातला. त्या खोलीला मागून दुसरं दार नव्हतं. झरोका होता, डोळ्याच्या उंचीवर. इथून त्याचं तोंड दिसायलाच पाहिजे होतं.

त्यांनी झरोक्याला डोळा लावला.

पाठ होती. काळा कोट, शेमला. ताट पाठीआड. कोपर वरखाली. आणि त्याच्या पलीकडं, बोटभर उघडं राहिलेलं दार, त्यांनी आत्ताच ढकललेलं.

कोपर थांबलं. एक खांदा जरासा उचलला गेला, मागं कोण आहे ते बघायला माणूस वळायच्या आधी उचलतो तसा. बाई तिथून निघाल्या. विज्ञानाच्या बाईला एवढ्या प्रयोगाचा निष्कर्ष बघायचा नव्हता.

आत आल्या तर चांगुणाबाई उभी होती. हात जोडले नव्हते तिनं, पण उभी राहिली होती तशी. "बाई, येकदाच म्हणा. तुम्ही लांबच्या. तुम्हाला काय फरक पडतोय. माझ्या मालनला दुसरं कुणी न्हाई ओ."

खरं सांगायचं तर सत्यशीलाबाईंना त्या टोपड्याकडं बघवत नव्हतं. पण वाक्य त्या ओठावर येऊ देणार नव्हत्या. दात घट्ट आवळून त्यांनी जन्मभर आडवी आलेली गोष्टच ढाल म्हणून काढली. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांनी आपणहून, मोठ्या आवाजात पुढं केली.

"चांगुणाबाई, आम्ही बौद्ध. आमच्यात पिंड नाही, कावळा नाही. आमच्या असल्या वचनाला काही अर्थच नाही. तुम्ही आडनाव विचारलं असतं तर आधीच कळलं असतं."

"त्यांला चालतंय," चांगुणाबाई म्हणाली. "मागंच इचारून ठेवलंय मी, कुणी बी चालंल का म्हणून."

६

बाईंनी पिशवी उचलली. कुणी अडवलं नाही. अडवतील असं वाटलं होतं, दार लावतील, पाया पडतील. काही नाही. चांगुणाबाई खाली बसली, चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि डोळे पुसले. कडूबा म्हणाला, "चला, गाडीपत्तर सोडतो. वाटेत कुत्री हायत."

आतलं जेवण चालूच होतं.

उंबऱ्यावर बाईंनी चप्पल घातली. सुटलो, असं वाटून जीव हलका झाला होता. आणि मन हलकं झालं की तोंड सैल होतं. घरात जेवलो, पाणी प्यालो, बाईमाणूस रडतंय. अशा वेळी काहीच न बोलता पाठ फिरवणं त्यांच्या जिभेला जमलं नाही. 'जाते' तर कुणीच म्हणत नाही, अशुभ असतं. लहानपणापासून जिभेला पडलेलं वळण. आत तोंड करून, माजघराकडं बघत, त्या म्हणाल्या,

"बरंय. येते मी."

आतला आवाज थांबला.

मग तांब्यातलं पाणी ताटात पडल्याचा आवाज आला. हात धुतल्याचा. कुणीतरी समाधानानं ढेकर दिला, आणि पाट सुटल्यासारखा करकरला.

चांगुणाबाई उठली. लोटलेलं दार सताड उघडलं, आत डोकावली, रिकामा पाट बघितला. मग वळली, खुंटीवरचं बोचकं काढलं, पदर डोक्यावर घेतला आणि बाईंना ओलांडून अंगणात उतरली. गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत ती पळायलाच लागली होती.

नदीच्या वाटेनं तिघं चालले. चांगुणाबाई फार पुढं, बोचकं डोक्यावर, पोरीसारखी भराभर. बाई आणि कडूबा मागं. पाणी काळं पडत चाललं होतं. बाईंनी एकदा मागं वळून बघायचं ठरवलं आणि मग नाही बघितलं.

"कडूबा," त्या म्हणाल्या. आवाज शाळेतला लावला, पण तो नीट लागेना. "अहो, मी आपलं सवयीनं म्हटलं. 'येते' म्हणजे काही खरंच येते, असं नसतं. नुसती बोलायची रीत असते."

कडूबानं काठी या हातातून त्या हातात घेतली.

"बराबर हाय, बाई," तो म्हणाला. "चांगुणा बी नुसतं शूटिंगपुरतंच म्हणल्ती."